गुलाबाचे छप्पर, यंत्राची मराठी आणि मावळातील वर्ग

पुणे जिल्ह्याच्या पश्चिम कडेला सह्याद्रीच्या कुशीत वसलेल्या मावळ तालुक्याची ओळख वाचकांस नव्याने करून द्यावी असे नाही. अंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ ही त्याची तीन खोरी. वडगाव हे तालुक्याचे ठिकाण. लोणावळा हे घाटमाथ्यावरील थंड हवेचे गाव. पाऊस मुबलक, त्यामुळे भात हे परंपरागत पीक. गेल्या काही दशकांत मात्र भाताच्या खाचरांशेजारी अर्धपारदर्शक छपरांची हरितगृहे उभी राहिली. तळेगाव दाभाडे येथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने पुष्पशेतीसाठी स्वतंत्र क्षेत्र विकसित केले, आणि १४ फेब्रुवारी जवळ आला की मावळचा गुलाब परदेशी रवाना झाल्याचे वृत्त दर वर्षी वाचावयास मिळते.

या छपरांविषयीच एका गुलाब उत्पादकाने प्रस्तुत लेखकाला काही दिवसांपूर्वी एक प्रश्न विचारला. त्यांच्या हरितगृहावरील प्लास्टिकची फिल्म, जिला शेतकरी सरसकट ‘पेपर’ म्हणतात, तीन वर्षे टिकेल या हमीवर घेतलेली होती. ती दुसऱ्याच वर्षी ठिकठिकाणी चिरली. विक्रेत्याने हमीपत्रातील एका इंग्रजी कलमाकडे बोट दाखविले आणि भरपाई नाकारली. घरातील महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलीने ते कलम भ्रमणध्वनीवरील भाषांतर यंत्रणेतून मराठीत आणले, तेव्हा ‘चित्रपटाच्या आयुष्याची हमी गंधकाच्या सामग्रीवर अवलंबून राहील’ अशा अर्थाचे वाक्य समोर आले. वडील म्हणाले, “यात चित्रपट कुठून आला?” मुलीने ते गावातील माध्यमिक शाळेच्या विज्ञान शिक्षकांना दाखविले. शिक्षकांना ‘फिल्म’चा उलगडा झाला, गंधकाचा झाला नाही.

प्रश्न साधा होता: गुलाबावर पडणाऱ्या भुरीसाठी गंधक वापरावयास कृषी विभागच सांगतो, मग त्याच गंधकाने छप्पर फाटते हे कोणी का सांगितले नाही?

या प्रश्नाच्या मागे गेले असता बहुवारिकांचे रसायनशास्त्र, भाषा तंत्रज्ञान आणि दूरस्थ अध्यापन अशा संशोधनाच्या तीन शाखांची दारे ठोठवावी लागतात. विद्यापीठांत या शाखांचे विभाग निराळे, नियतकालिके निराळी, परिषदाही निराळ्या. शेतकऱ्याच्या घरात मात्र त्या एका हमीपत्रावर एकत्र आल्या होत्या. प्रस्तुत लेखक कला शाखेचा पदवीधर असल्याने रसायनशास्त्राच्या भागात त्याने तज्ज्ञांच्या लेखनाचाच आधार घेतला आहे, हे आरंभीच सांगणे उचित होय.

मण्यांची माळ

प्लास्टिक हा शब्द आपण सहज वापरतो. रसायनशास्त्रज्ञ ज्याला पॉलिमर म्हणतात त्याला मराठी विश्वकोशाने ‘बहुवारिक’ हा शब्द दिला असून, इयत्ता दहावीच्या विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात ‘कार्बनी संयुगे’ या प्रकरणात तो विद्यार्थ्यांना भेटतो. एक लहान रेणू म्हणजे एकवारिक. असे हजारो रेणू एकामागून एक जोडले की होणारी लांबलचक साखळी म्हणजे बहुवारिक. इथिलीन हा वायू. त्याच्या रेणूंची माळ ओवली की पॉलिथिलीन हा घन पदार्थ तयार होतो. दुधाची पिशवी, पाण्याची टाकी, ठिबक सिंचनाची नळी आणि हरितगृहाचा ‘पेपर’ हे सर्व याच कुळातील.

आज हे सांगणे सोपे वाटते. परंतु १९२० साली जर्मन शास्त्रज्ञ हेर्मान श्टाउडिंगर यांनी असे महाकाय रेणू असू शकतात असे मांडले तेव्हा त्या काळच्या अनेक नामवंतांना ते पटले नव्हते. रबर, स्टार्च, सेल्युलोज यांसारखे पदार्थ म्हणजे लहान रेणूंचे सैलसर पुंजके असावेत अशीच तेव्हाची समजूत होती. श्टाउडिंगर यांना नोबेल पारितोषिक मिळावयास १९५३ साल उजाडले. दरम्यान १९३३ साली इंग्लंडमध्ये उच्च दाबाच्या एका प्रयोगात पॉलिथिलीन जवळजवळ अपघातानेच हाती लागले होते.

आपल्या राज्यात या विषयाचे मोठे केंद्र म्हणजे पुण्यातील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा. तिचे उद्घाटन पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते ३ जानेवारी १९५० रोजी झाले. पुढे डॉ. रघुनाथ माशेलकर, डॉ. स्वामिनाथन शिवराम यांच्यासारखे बहुवारिकांवर काम करणारे शास्त्रज्ञ तिचे संचालक झाले. मावळातून पुण्याकडे निघालेला माणूस तासाभरात तिच्या दारात पोहोचू शकतो. परंतु तेथील शोधनिबंध मावळात पोहोचावयास किती काळ लागतो, हा निराळा हिशेब आहे.

सूर्यप्रकाश, हवा आणि गंधक

आता छपराकडे वळू. पॉलिथिलीनची साखळी तशी चिवट असते. जमिनीत गाडलेली पिशवी वर्षानुवर्षे कुजत नाही याचे कारण तेच: या साखळीतील दुवे तोडणारी विकरे मातीतील जिवाणूंपाशी जवळजवळ नसतात. मग तेच प्लास्टिक छपरावर दोन-तीन वर्षांत का तडकते? याचे उत्तर सूर्यप्रकाशातील जंबुपार किरणांत आहे. फिल्म तयार होताना तिच्यात राहिलेल्या सूक्ष्म दोषस्थानी हे किरण शोषले जातात आणि तेथे ‘मुक्त मूलक’ नावाचे अत्यंत क्रियाशील कण निर्माण होतात. ते हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून शेजारच्या साखळीवर घाला घालतात. त्यातून नवे मूलक निर्माण होतात, आणि गवताच्या गंजीला लागलेल्या आगीप्रमाणे ही क्रिया पसरत जाते. लांब साखळ्या आखूड झाल्या की फिल्मचा लवचीकपणा जातो. ती प्रथम पिवळसर व ठिसूळ होते आणि एखाद्या वादळी दुपारी चिरते.

हे टाळण्यासाठी फिल्म बनविताना तिच्यात स्थिरीकारक द्रव्ये मिसळतात. यांपैकी सर्वांत प्रभावी गट अमाइन वर्गातील आहे. ही द्रव्ये मूलकांना पकडून निष्प्रभ करतात आणि स्वतः पुन्हा पूर्ववत होतात. गावाच्या वेशीवर रात्रभर गस्त घालणाऱ्या जागल्यासारखे हे काम चालते. एकाला पकडून चावडीवर दिले की जागल्या परत वेशीवर हजर. परंतु अमाइन हे गुणधर्माने अल्कधर्मी. गंधकाची धुरी दिली किंवा गंधक वारंवार फवारले म्हणजे ते फिल्मवर बसते, त्यापासून कालांतराने आम्लधर्मी संयुगे तयार होतात आणि ती अमाइनाला निकामी करतात. जागल्याच झोपी गेला तर चोरांचे फावते, तसे छपराचे होते. क्लोरीनयुक्त काही कीटकनाशकांचाही परिणाम असाच होतो.

ही गोष्ट फिल्म-उत्पादकांना आणि संशोधकांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. गंधकाला अधिक काळ तोंड देऊ शकतील अशी सुधारित स्थिरीकारकेही संशोधनातून पुढे आली आहेत. काही उत्पादक आपल्या हमीपत्रात, फिल्ममध्ये ठरावीक प्रमाणापेक्षा अधिक गंधक आढळल्यास हमी लागू राहणार नाही, असे नमूद करतात. आपल्या शेतकरी बांधवांच्या हमीपत्रातील कलम नेमके हेच होते. म्हणजे माहिती दडविलेली नव्हती. ती इंग्रजीत, पृष्ठाच्या तळाशी, बारीक टाइपात छापलेली होती. कायद्याच्या दृष्टीने हे पुरेसे असेल. माहिती खात्यात वीस वर्षे काढलेल्या माणसाला ते पुरेसे वाटत नाही.

येथे आणखी एक व्यावहारिक बाब सांगावयास हवी. फिल्म जेथे लोखंडी पाइपाला टेकते तेथे ती आधी फाटते, कारण उन्हात तापलेला पाइप ऱ्हासाची क्रिया वेगवान करतो. पाइपाच्या त्या भागाला पांढरा रंग दिल्यास किंवा मध्ये संरक्षक पट्टी घातल्यास छपराचे आयुष्य वाढते. गंधक मात्र परस्पर बंद करू नये. भुरीने पीक गेले तर टिकलेले छप्पर काय कामाचे? फिल्म विकत घेतानाच ती किती गंधक सोसते हे लेखी विचारून घ्यावे आणि पर्यायी बुरशीनाशकांची आलटूनपालटून योजना कृषी अधिकाऱ्यांच्या सल्ल्याने करावी. तळेगाव दाभाडे येथील राष्ट्रीय सुगी पश्चात तंत्रज्ञान संस्थेत हरितगृह व्यवस्थापनाचे प्रशिक्षण दिले जाते, त्याचाही लाभ घेता येईल.

बहुवारिके नाशिवंतच असतात असा समज मात्र वाचकांनी करून घेऊ नये. लाकूड हेही बहुवारिकच. सेल्युलोज आणि लिग्निन यांचे बनलेले. मावळातीलच कार्ले येथील चैत्यगृहात छताला बसविलेल्या मूळच्या लाकडी कमानी सुमारे दोन हजार वर्षांनंतर आजही जागेवर आहेत. डोंगराच्या पोटात त्यांना ऊन लागत नाही, पाऊस लागत नाही, एवढेच त्यांच्या दीर्घायुष्याचे रहस्य. त्याच कमानी बाहेरच्या अंगणात असत्या तर काही पावसाळ्यांतच माती झाल्या असत्या.

लोणावळ्याच्या रस्त्यावरील पाकीट

लोणावळ्याला पाहुणे येतात ते चिक्की घेऊनच परततात. चिक्कीतील गूळ हवेतील ओलावा शोषून घेतो. लोणावळ्याच्या पावसाळी हवेत उघडी चिक्की फार वेळ कुरकुरीत राहत नाही. म्हणून तिला ओलावा रोखणारे वेष्टन लागते. खाद्यपदार्थांच्या अशा चकचकीत वेष्टनांत पुष्कळदा बाहेरून पॉलिस्टर, मध्ये ॲल्युमिनियमचा पातळ थर आणि आत उष्णतेने चिकटणारे पॉलिथिलीन असे थर असतात. प्रत्येक थर आपले काम चोख बजावतो. परंतु वेष्टन टाकून दिल्यावर हे थर वेगळे करणे जिकिरीचे होते आणि त्यामुळे त्याचा पुनर्वापर जवळजवळ होत नाही. भुशी धरणाच्या पायऱ्यांवर सुटीच्या दुसऱ्या दिवशी जे दिसते त्यात अशा वेष्टनांचा वाटा मोठा असतो.

महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेद्वारे राज्यात प्लास्टिकच्या पिशव्या व अनेक एकदाच वापरावयाच्या वस्तूंवर बंदी घातली. केंद्र शासनाने १ जुलै २०२२ पासून देशभर एकल वापराच्या काही वस्तू बंद केल्या. अंमलबजावणी करणाऱ्या ग्रामपंचायतींपुढील अडचण अशी की, गोळा झालेले प्लास्टिक कोणत्या जातीचे आहे हे डोळ्यांनी ओळखता येत नाही, आणि जाती एकत्र मिसळल्या की भंगार व्यापारी भाव देत नाही. यासाठी पाण्याची बादली पुरेशी आहे. प्लास्टिकचे लहान तुकडे साबणाचा थेंब टाकलेल्या पाण्यात बुडवून सोडावेत. पॉलिथिलीन व पॉलिप्रॉपिलीन पाण्याहून हलके असल्याने वर येतात. बाटल्यांचे पॉलिस्टर आणि नळांचे पीव्हीसी तळाशी बसतात. पाण्याच्या बाटलीचे झाकण तरंगते आणि बाटलीचा तुकडा बुडतो, हे शाळेतील मुलांना दाखविल्यास घनतेचा धडा वेगळा शिकवावा लागत नाही.

यंत्राला मराठी कशी कळते

आता त्या ‘चित्रपटा’कडे येऊ. भाषांतर करणारे यंत्र शब्दकोश पाहून शब्दाला शब्द ठेवते अशी सर्वसाधारण समजूत आहे. आरंभीच्या काळात काही अंशी तसे होते. आजची यंत्रणा दोन्ही भाषांतील लक्षावधी वाक्यांच्या जोड्या पाहून शिकते. कोणता शब्द कोणत्या शब्दांच्या संगतीत येतो यावरून त्याचा अर्थ ती अंदाजाने ठरविते. संगतीवरून माणूस ओळखावा, त्यातलाच हा प्रकार. ‘फिल्म’ हा शब्द मराठी मजकुरात लाखो वेळा येतो तो नट-नट्या, गाणी, तिकिटे यांच्या संगतीत. हरितगृह, गंधक, भुरी यांच्या संगतीत तो क्वचितच छापला जातो. यंत्राने चित्रपट म्हटले यात त्याचा दोष थोडा. आपण शेतीविषयक मराठी मजकूर त्याच्यापुढे ठेवलाच नाही, हा दोष अधिक. अलीकडच्या यंत्रणा आजूबाजूचे वाक्य पाहून पुष्कळदा योग्य अर्थ घेतात, तरी विषय जितका खास तितका धोका अधिक, हे आजही खरे आहे.

मराठीपुढे दुसरी अडचण व्याकरणाची. इंग्रजी शब्द बहुधा एकटा उभा राहतो. आपण ‘छप्पर’ म्हणतो, मग छपराला, छपराखालून, छपरावरच्यांनी असे म्हणतो. मूळ शब्दाचे सामान्यरूप होते आणि त्याला विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये चिकटत जातात. पोरवयात आपण हे व्याकरण न शिकताच आत्मसात करतो. यंत्राला मात्र ही सर्व रूपे भिन्न शब्द वाटतात. यावर संशोधकांनी काढलेला तोडगा म्हणजे शब्दाचे लहान तुकडे पाडून शिकविणे. ते तुकडे कोठे पाडावेत, आणि इंग्रजीसाठी ठरविलेले तुकडे मराठीला कसे अपुरे पडतात, यावर आज अनेक शोधनिबंध प्रसिद्ध होत आहेत.

या कामाचा पाया पुण्यात आणि मुंबईत घातला गेला याची नोंद अवश्य घ्यावी. प्रगत संगणन विकास केंद्र अर्थात सी-डॅक ही संस्था १९८८ साली पुण्यात स्थापन झाली. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत आरंभ झालेले भारतीय लिप्यांचे काम तेथे पुढे नेण्यात आले. भारतीय लिप्यांची सांकेतिक मांडणी १९९१ साली भारतीय मानक म्हणून मान्य झाली, आणि जगभर रूढ झालेल्या युनिकोडमधील देवनागरीचा आराखडा तिच्याच १९८८ च्या रूपावर बेतलेला होता. तरीही मराठीच्या काही गरजा मागाहून पूर्ण झाल्या. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळावयास २००८ साल यावे लागले. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमाला प्रमाणित केली, त्यामागेही अक्षरांच्या रूपांत एकवाक्यता आणण्याचाच हेतू होता.

मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत प्रा. पुष्पक भट्टाचार्य यांच्या मार्गदर्शनाखाली मराठी शब्दबंधाचे, म्हणजे समानार्थी शब्दांचे गट व त्यांचे परस्परसंबंध नोंदविण्याचे काम झाले. पुण्यात ‘एल३क्यूब’ या गटाने, अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना हाताशी धरून, गेल्या काही वर्षांत केवळ मराठीसाठी जे साहित्य उभे केले ते विशेष उल्लेखनीय आहे. २०२१ साली त्यांनी मराठीतील सुमारे १६,००० लघुसंदेश वाचून त्यांत व्यक्त झालेला भाव अनुकूल, प्रतिकूल की तटस्थ हे माणसांकरवी नोंदवून घेतले. त्यानंतर सुमारे २५,००० वाक्यांतील व्यक्ती, स्थळे व संस्था यांची नावे चिन्हांकित केली, आणि सुमारे २ कोटी ४८ लाख मराठी वाक्यांचा संग्रह संशोधकांसाठी खुला केला. हे काम दिसावयास रुक्ष आहे. तिसऱ्या-चौथ्या वर्षाला शिकणारा विद्यार्थी एकेक वाक्य वाचून त्यावर खूण करीत बसतो, तेव्हा कोठे यंत्राला मराठीचा कान येतो. केंद्र शासनाचा ‘भाषिणी’ हा उपक्रमही जुलै २०२२ पासून भारतीय भाषांसाठी अशीच सामग्री व साधने उपलब्ध करून देत आहे.

परंतु या संग्रहातील वाक्ये येतात कोठून? मुख्यतः वृत्तपत्रे आणि समाजमाध्यमे यांतून. कृषी, आरोग्य, पाणीपुरवठा, ग्रामपंचायत यांविषयीची शासकीय मराठी त्यात अल्प. याचे एक कारण सांगताना संकोच वाटतो. १९९० नंतरच्या पंधरा-वीस वर्षांत कार्यालयांतून जे मराठी टंकलेखन झाले ते निरनिराळ्या, परस्परांशी न जुळणाऱ्या फॉन्टांमध्ये झाले. पडद्यावर ते मराठी दिसते; यंत्राच्या लेखी ती निरर्थक इंग्रजी अक्षरांची रांग असते. एका कार्यालयात प्रस्तुत लेखकाने शेतीविषयक घडीपत्रिकांची जुनी फाईल उघडली असता ‘भुरी’ या शब्दाच्या जागी तीन चौकोन आणि एक प्रश्नचिन्ह आढळले. भुरी म्हणजे काय, तिला काय करावे, हे सर्व त्या पत्रिकेत उत्तम मराठीत लिहिलेले होते. छापील प्रत हाती होती म्हणून कळले इतकेच.

शब्दांच्या बाबतीतही एक पेच आहे. पाठ्यपुस्तक ‘बहुवारिक’ म्हणते, कारखान्यातील कामगार ‘पॉलिमर’ म्हणतो, विक्रेता ‘फिल्म’ म्हणतो आणि शेतकरी ‘पेपर’. चारही शब्द आपापल्या जागी योग्य आहेत. मराठी लेखकाने यांपैकी एकच निवडावा असा आग्रह धरण्याचे कारण नाही. उलट एकाच मजकुरात चारही शब्द एकदा शेजारी-शेजारी आले तर वाचकाची आणि यंत्राची, दोघांचीही सोय होते. प्रस्तुत लेखात तसे मुद्दामच केले आहे.

खोऱ्यातील वर्ग आणि पडद्यावरील पाठ

राहिला प्रश्न शिक्षकांचा. त्यांना गंधकाचा उलगडा झाला नाही यात नवल नाही. पदवी घेऊन वीस-पंचवीस वर्षे झालेल्या शिक्षकापर्यंत नवे संशोधन पोहोचविण्याची सोय असावी लागते. दूर अंतरावरून शिकविण्याचे प्रयोग आपल्याकडे जुने आहेत. १९७५-७६ साली उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांना दूरचित्रवाणीचे कार्यक्रम दाखविण्यात आले. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. १९८४ च्या स्वातंत्र्यदिनापासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे कार्यक्रम दूरदर्शनवर दिसू लागले. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. २०१७ साली ‘स्वयम्’ आणि ‘दीक्षा’ ही व्यासपीठे आली.

या सर्वांची खरी परीक्षा मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्यावर झाली. त्या वर्षीच्या ‘असर’ पाहणीनुसार ग्रामीण भारतात शाळेत नाव असलेल्या ज्या मुलांच्या घरी स्मार्टफोन होता त्यांचे प्रमाण ६१.८ टक्के होते. दोन वर्षांपूर्वी ते ३६.५ टक्के होते. वाढ मोठी खरी, पण घरात फोन असणे आणि तो मुलाच्या हाती असणे यांत अंतर आहे, शिवाय डोंगराआडच्या वाडीला लहरींचा लाभ व्हावा लागतो. मावळात एखाद्या टेकाडावर जाऊन फोनला ‘रेंज’ मिळविणारी माणसे ज्याने पाहिली आहेत त्याला हे अधिक सांगावयास नको. याच काळात जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही पहिली ते आठवीच्या मुलांसाठीची मालिका सुरू झाली. तिला इंटरनेट लागत नव्हते. नोव्हेंबर २०२० मध्ये राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने व्हॉट्सॲपवर ‘स्वाध्याय’ ही साप्ताहिक प्रश्नसंचाची योजना आणली. नव्या साधनाइतकेच जुने साधनही कामी आले, हे या काळाचे वैशिष्ट्य.

संशोधन या बाबतीत काय सांगते? अमेरिकन शिक्षणशास्त्रज्ञ रिचर्ड क्लार्क यांनी १९८३ साली, माध्यम हे केवळ वाहन आहे, असे प्रतिपादन केले. माल आणणाऱ्या गाडीने आहाराचे पोषणमूल्य वाढत नाही, तसे पाठ पडद्यावर आल्याने तो अधिक चांगला होत नाही, असा त्यांचा आशय होता. त्यावर पुष्कळ वाद झाला आणि तो पूर्ण मिटलेला नाही. परंतु पाठाची रचना कशी असावी याविषयी काही निष्कर्ष बऱ्यापैकी स्थिर झाले आहेत. २००६ साली रोडिगर आणि कार्पिके यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा पुन्हा वाचला, तर दुसऱ्याने तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनंतर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर आठवून लिहिणारे स्पष्टपणे पुढे गेले. दुसरा अभ्यास २०१४ सालचा: सुमारे ६९ लाख चित्रफीत-सत्रांच्या नोंदी तपासल्यावर असे दिसले की, साधारण सहा मिनिटांपलीकडे विद्यार्थ्यांचे लक्ष टिकणे कठीण होते. तासभराचे व्याख्यान जसेच्या तसे चित्रित करून पाठविणे म्हणजे, स्पष्ट बोलावयाचे तर, कॅमेऱ्याची चैन होय.

याचा अर्थ शिक्षकांनी लावावा तो असा. छपराचा पाठ पाच मिनिटांचा करावा. त्यात जुन्या फिल्मची एक पट्टी आणि नवीची एक पट्टी सारख्या रुंदीची कापून हातांनी ताणून दाखवावी. नवी लांबते, जुनी झटकन तुटते. मग चित्रफीत थांबवून विचारावे, साखळ्यांचे काय झाले असेल? उत्तर लगेच सांगू नये. आठवड्याने तोच प्रश्न पुन्हा विचारावा. ज्या वाडीत चित्रफीत पोहोचत नाही तेथे दोन पट्ट्या लिफाफ्यातून पाठविता येतात.

तांदूळ आणि फिल्म

मावळात संशोधन नवे नाही. लोणावळ्यात स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापन करून योगक्रियांचा प्रयोगशाळेत अभ्यास आरंभिला. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ साली ‘इंद्रायणी’ हा भाताचा वाण प्रसारित झाला. आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून तो निघाला आणि पाहता पाहता घराघरांत पोहोचला. त्याला भाषांतराची गरज पडली नाही. बियाणे पेरले की संशोधन आपोआप शेतात उतरते, भाताच्या वासावरून गृहिणी त्याची परीक्षा करते. छपराच्या फिल्ममधील संशोधन तसे नाही. ते डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही, आणि ते कोणी शब्दांत सांगितले नाही तर नुकसान झाल्यावरच कळते. कीटकनाशके, प्लास्टिक, औषधे, विम्याची कलमे या सर्वांची जात हीच आहे.

ग्रामपंचायत सदस्यांनी आणि विस्तार अधिकाऱ्यांनी या दृष्टीने करण्याजोगे काम फारसे खर्चाचे नाही. गावात आलेली हमीपत्रे, वापरसूचना आणि माहितीपत्रके यांचे मराठी रूप विक्रेत्याकडून मागून घ्यावे. यंत्राकडून करून घेतलेले भाषांतर असेल तर विषय जाणणाऱ्या शिक्षकाकडून ते तपासून घ्यावे आणि दुरुस्त मजकूर युनिकोडमध्ये जतन करावा. कुसगाव, तळेगाव येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना प्रकल्प हवेच असतात. जुन्या फॉन्टांतील कृषी पत्रिका युनिकोडमध्ये आणणे हा त्यांच्यासाठी उत्तम प्रकल्प ठरेल. त्यातील प्रत्येक वाक्य पुढे यंत्राच्या शिक्षणालाही उपयोगी पडेल.

ज्यांच्या प्रश्नावरून हा लेख सुरू झाला त्या गुलाब उत्पादकांना भरपाई मिळाली नाही. त्यांनी नवी फिल्म घेतली, ती घेण्यापूर्वी गंधकाची मर्यादा किती हे विक्रेत्याकडून मराठीत लिहून घेतले, आणि हरितगृहाच्या दाराशी एक दिनदर्शिका टांगली. गंधक ज्या दिवशी दिले त्या तारखेभोवती त्यांची मुलगी लाल शाईने गोल करते व शेजारी प्रमाण लिहिते. विज्ञान शिक्षकांनी त्यांच्याकडून जुन्या फिल्मचा वारभर तुकडा मागून नेला आहे. दहावीच्या वर्गात ‘कार्बनी संयुगे’ हे प्रकरण सुरू होताच तो कापला जाणार आहे.